आत्याचे टेलोमिअर

संशोधनासाठी माझ्या वाट्याला जो प्राणी आला त्याला तोंड होतं, पण डोकं नव्हतं. असे प्राणी आमच्या नात्यात आधीच भरपूर असल्यामुळे मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्याचं नाव टेट्राहायमेना. डबक्यात राहणारा, एकाच पेशीचा, लांबट पेरूच्या आकाराचा जीव. अंगभर बारीक केस असतात. ते हलवत तो दिवसभर इकडून तिकडे पळत असतो. कुठे पोचायचं असतं अशातला भाग नाही.

नाशिकमधल्या ज्या कॉलेजात मी पीएच.डी. करत होते, तिथली आमची प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. एका भिंतीवर अजून लेझीम टांगलेल्या होत्या. दार जोरात लावलं की त्या छमछम वाजायच्या आणि सूक्ष्मदर्शकावर वाकलेला माणूस दचकायचा. त्या खोलीच्या मालकीण म्हणजे माझ्या मार्गदर्शक मॅडम. त्या खिशात भाजलेले शेंगदाणे ठेवायच्या आणि कौतुक मात्र जवळ अजिबात ठेवायच्या नाहीत. त्यांनी 'ठीक आहे' म्हटलं की ते आम्ही सुवर्णपदक समजायचो.

दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेतून त्यांनी माझ्यासाठी दोन प्रकारच्या पेशी मागवल्या. एका नळीत धडधाकट. दुसऱ्या नळीतल्याही दिसायला धडधाकटच, पण त्यांच्यात एक बिघडलेलं जनुक घालून झोपवून ठेवलेलं. पाण्यात एक ठरावीक क्षार टाकला की ते जागं होणार आणि पेशीच्या टेलोमिअरची, म्हणजे तिच्या आतल्या दोऱ्यांच्या टोकांची, वाट लावणार.

"यांची टोकं बिघडवायची," मॅडम म्हणाल्या, "आणि मग दुभंगताना काय होतं, जोड्या जमल्यावर काय होतं, ते बघायचं. जे दिसेल ते लिहायचं. जे दिसावंसं वाटतं ते लिहायचं नाही."

एवढंच माझं संशोधन. ते घरी समजावून सांगायची वेळ आली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी.

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला, मळ्यात. झेंडू, शेवंती आणि उरलेल्या वाफ्यांत पालक-मेथी. दसऱ्याच्या आधी घरातलं कुणीच रिकामं बसत नाही. पीएच.डी. करणाऱ्यांनाही सूट नसते. ओट्यावर झेंडूचा डोंगर, भोवती आम्ही सगळे सुया घेऊन. आणि त्या डोंगराच्या पलीकडे आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, शेजारच्या दोन खोल्यांत राहू लागली आणि तेव्हापासून रोज पहाटे फुलबाजारात आमची फुलं तीच विकते. तिचा आवाज असा आहे की तिला मोबाइल घेऊन देणं हा निव्वळ अपव्यय होता.

"काय गं," ती म्हणाली, "रोज जाती कालिजात. करती काय तिथं?"

मी हातातला हार वर धरला. "हे बघ आत्या. पेशीच्या आत असे लांब दोरे असतात. तू दोऱ्याच्या टोकाला गाठ का मारतेस?"

"नाय मारली तर फुलं ओघळतील."

"तसंच. त्या दोऱ्यांच्या टोकाला एक राखणीचा भाग असतो. त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगायच्या आधी दोऱ्याची नक्कल होते, आणि दर नकलेत टोक जरा झिजतं. झिजत झिजत संपलं की पेशीचं दुभंगणं बंद. पण माझ्या प्राण्याकडे टोक पुन्हा वाढवणारं यंत्र असतं. त्यामुळे तो कितीही वेळा दुभंगला तरी टोक संपत नाही."

आत्याची सुई थांबली. "म्हंजे ते मरतच नाय?"

"मरतात की. उकळत्या पाण्यात टाकले तर मरतात."

"तशी तर मीबी मरंन. म्हातारं होऊन मरतात का, ते सांग."

"तसे नाही मरत."

"आणि आपल्यात हाय का ते यंत्र?"

"असतं. पण आपल्या बहुतेक पेशींत ते बंद असतं."

"कुणी बंद केलं?"

माझे वडील सहसा बोलत नाहीत. त्यांनी फुलांमधून मान वर केली आणि म्हणाले, "सरकारनं."

मी गप्प बसायला हवं होतं. पण ऐकणारं माणूस मिळालं की संशोधकाची जीभ सुटते. मी पुढे सांगून बसले की टेट्राहायमेनात नर आणि मादी अशी दोनच लिंगं नसतात, चांगली सात असतात, आणि आपलं सोडून कुठल्याही लिंगाशी जोडी जमते.

आत्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सात! आणि तुला एक मिळंना व्हय?"

आई तोंडाला पदर लावून आत निघून गेली. ती हसत होती, हे मला ओट्यावरूनही ऐकू येत होतं.

दिवाळीनंतर मी नळीत क्षार टाकला. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. पेशी खात होत्या, पळत होत्या, एकीच्या दोन होत होत्या. मला वाटलं, आलेला मालच खोटा आहे. मॅडम म्हणाल्या, "मुळं कुजलेलं झाड लगेच पडतं का? थांब."

टोक वाढवणाऱ्या त्या यंत्राकडे स्वतःचा एक नमुना असतो. त्यात पाहून ते दोऱ्याच्या टोकाला डीएनएची ठरलेली सहा अक्षरं पुन्हा पुन्हा जोडत जातं. जाग्या झालेल्या बिघडलेल्या जनुकाने त्या नमुन्यातलं अक्षर बदललं होतं. आता ते बिचारं इमानेइतबारे चुकीची अक्षरं जोडत होतं. काही पेशींत तर टोकं चांगली लांब झाली. पण पेशीला टोकाची जी राखण हवी असते, ती राखण करणारी प्रथिनं नेमकी अक्षरं ओळखून तिथे बसतात. अक्षरंच चुकली तर ती बसणार कुठे?

मग एका सकाळी मला ती दिसली. धडधाकट पेशींच्या गर्दीत एक ढब्बू, गोल, मंद हलणारी पेशी. तिच्या शेजारी आणखी एक. काचपट्टी सरकवली तर तिथे आणखी. मी घाईघाईने त्यांना निळा रंग दिला. या प्राण्याला दोन केंद्रकं असतात. थोरलं रोजचा कारभार बघतं. धाकटं पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेलं असतं. दुभंगताना धाकट्याच्या आतले दोरे दोन बाजूंना ओढले जातात आणि दोन सुटे ठिपके उरतात. माझ्या ढब्बू पेशींत ते दोरे ओढले गेले होते, लांब लांब ताणले गेले होते, आणि तसेच अडकून राहिले होते. एकाच रबराच्या दोन टोकांना दोन पोरं लोंबकळावीत आणि रबरही तुटू नये, पोरंही सोडू नयेत, तसं काहीतरी. पेशी मात्र आपली फुगतच चाललेली. खायचं बंद नाही, दुभंगणं बंद.

मी आनंदाने ओरडले. माझ्यासमोर शेकडो जीव अतिशय वाईट मरणार होते आणि मी टाळ्या वाजवत होते. लेझीम वाजल्या, कारण मॅडम धावत आल्या होत्या. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग खिशातून मूठभर शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "ठीक आहे."

मी दिवसभर तरंगत होते. संध्याकाळी घरी जाताना आत्याचा फोन आला.

"अगं, त्यानं तुझा शब्द म्हटला!"

"कुणी? कुठला शब्द?"

"टेलोमीटर! माइकवर! एवढ्या हॉलमधी!"

झालं होतं असं की तिच्या भिशीतल्या एका बाईने तिला द्वारका चौकाजवळच्या एका हॉलमध्ये नेलं होतं. तिथे एका कंपनीचा कार्यक्रम होता. कंपनी गोळ्या विकत होती. गोळ्यांनी टेलोमिअर लांब होतात आणि माणूस तरुण राहतो, असं सांगणारे लोक मंचावर बसले होते. त्यातले बरेच, मी नंतर पाहिले तेव्हा, पन्नाशीचे दिसत होते, पण ते मूळचे नव्वदीचे असतील तर मला कल्पना नाही. आत्या तिथून गोळ्यांच्या डब्यांची पिशवी घेऊन आली. ती आता कंपनीचं माणूस झाली होती.

पुढच्या आठवड्यांत आत्याने फुलबाजारात हारांबरोबर तारुण्यही विकायला काढलं. आणि गिऱ्हाइकाने शंका काढली की तिचं उत्तर तयार असायचं, "माझी भाची टेलोमीटरची डाक्टर हाय. इचार तिला." माझा नंबर ती शेवंतीसारखा वाटत सुटली. एकदा मी प्रयोगाच्या मधोमध असताना निफाडकडच्या एका बागायतदारांचा फोन आला. त्यांनी आदबीने विचारलं, "ताई, ती गोळी पाण्यात विरघळवून द्राक्षबागंवर फवारली तर चालंल का? बाग म्हातारी व्हाया लागली."

मी म्हटलं, "नका फवारू."

"मग मुळाशी टाकू?"

मी फोन ठेवला.

मी आत्याला समजावलं. वडिलांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "तिला आजवर कुणी समजावलंय?" शेवटी आत्यानेच तोडगा काढला. "रविवारी चल माझ्यासंगं हॉलमधी. तूच बोल सगळ्यांम्होरं. खोटं आसंल तर खोटं म्हण."

मला ते आव्हान पटलं. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा. पण कळतं तेवढंच बोल. आणि लक्षात ठेव, माइक त्यांचा आहे."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

रविवारी हॉल गच्च भरला होता. आधी संगीत, मग टाळ्या, मग पुन्हा संगीत. त्यांचा मुख्य माणूस टाय लावून आला. सगळे त्याला लीडर म्हणत होते. त्याने एकेकाला मंचावर बोलावून अंगात लालभडक कोट चढवायला सुरुवात केली. आत्याचं नाव पुकारलं. ती जरीच्या लुगड्यावर तो कोट घालून उभी राहिली आणि लीडर ओरडला, "आपल्या नव्या गोल्ड मॅडम!" हॉल दणाणला. आत्याचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. पण त्या क्षणी मी रागात होते. मी फक्त कोट पाहिला.

मग मला बोलावलं. मी तयारी करून आले होते. स्वच्छ, सोप्या मराठीत बोलले.

"टेलोमिअर लांब म्हणजे तारुण्य, असं नसतं," मी म्हटलं. "आमच्या प्रयोगशाळेत काही पेशींची टोकं लांब झाली, पण चुकीची. त्या पेशींना दुभंगता येईना. त्या फुगल्या आणि मेल्या."

पुढच्या रांगेतले लोक वाकून ऐकत होते. माझं मन उचंबळून आलं. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. "म्हणजे डोस जास्त झाला की फुगतं का?"

मी तोंड उघडायच्या आत लीडरने माइक घेतला. "म्हणूनच! म्हणूनच आपला डोस रोज एकच गोळी!"

टाळ्या.

मी माइक परत ओढला. "ऐका. माणसात हे टोक वाढवणारं यंत्र उगाच बंद नसतं. कॅन्सरच्या बहुतेक पेशींत ते चालू झालेलं असतं!"

"ऐकलंत?" लीडर म्हणाला. "मॅडमचं कॅन्सरवरसुद्धा काम चालू आहे!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. संगीत सुरू झालं. कुणीतरी माझ्या हातात गुलदस्ता दिला. झेंडू आमच्याच मळ्यातला होता. मी खाली उतरले, जेवणाच्या रांगेत उभी राहिले आणि रागारागाने गुलाबजाम खाल्ले. चांगले होते, हे आणखी वाईट.

चार दिवसांत लोकांच्या फोनवर पोस्टर फिरायला लागलं. माझा फोटो, शेजारी लीडरचा, खाली लिहिलेलं, 'टेलोमिअर तज्ज्ञ डॉक्टर म्हणतात...' आणि पुढे मी कधीच न म्हटलेलं वाक्य. ते फिरत फिरत कॉलेजच्या प्राचार्यांपर्यंत गेलं आणि तिथून मॅडमकडे. मॅडमनी मला समोर उभं केलं. फोन लांब धरून पोस्टर नीट वाचलं.

"तुझ्या नावामागे डॉक्टर लावलंय," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"मी अजून लावलेलं नाही. मग यांनी कसं लावलं?"

मला रडू आलं. मॅडमना रडणं चालत नसे, म्हणून मी जिन्यावर जाऊन रडले. परत आले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "प्राचार्यांशी मी बोलते. पोस्टर मात्र तूच उतरव."

घरी जाऊन मी आत्याशी जन्मात भांडले नव्हते तेवढं भांडले. तीही मागे हटली नाही. "तुला मी अडाणी वाटती. तुझे किडे कधी दाखवले का मला? नुसतं बोलती."

"मग चल उद्या! बघच!"

ती खरंच आली. फुलबाजार उरकून, दुपारी, हातात रिकामी करंडी घेऊन. त्या दिवशी माझ्याकडे दुसरा प्रयोग चालू होता, जोड्या जमवण्याचा. टेट्राहायमेना भरल्या पोटी जोडीदाराकडे ढुंकून बघत नाही. आधी त्याला उपाशी ठेवावं लागतं. मग दोन वेगळ्या लिंगांच्या पेशी एकत्र सोडायच्या. मी हे सांगितल्यावर आत्या भांडण विसरून म्हणाली, "आपल्यात उलटं. आदी कांदेपोहे चारतात, मंग उपास घडवतात."

मॅडम पाठमोऱ्या होत्या. त्यांचे खांदे हलले.

मी आत्याला आधी धडधाकट पेशी दाखवल्या. एक डोळा मिटायचा कसा हे कळायला तिला वेळ लागला. शेवटी तिने पदरानेच डोळा झाकला. आणि मग ती एकदम गप्प झाली. आत्या गप्प झाली की आमच्याकडे लोक डॉक्टरला फोन करतात.

"केवढे पळत्यात गं," ती हळूच म्हणाली.

मग मी ढब्बू पेशी दाखवल्या. तिने खूप वेळ पाहिलं. "हे फुगलेले ते?"

"हो. दुभंगायला निघाले आणि मधेच अडकले."

"दुखत आसंल का त्यांना?"

मला तो प्रश्न कधी पडला नव्हता. मी म्हटलं, दुखायला जे लागतं ते त्यांच्याकडे नसतं. ती म्हणाली, "आसंल बया," पण पटल्यासारखी नाही.

शेवटी जोड्या, बिघडवलेल्या पेशींच्या. दोन दोन पेशी एकमेकींना तोंडाजवळ चिकटून फिरत होत्या. मी तिला पुढचं सांगितलं. जोडी जमली की त्या आपापल्या धाकट्या केंद्रकातला वाटा एकमेकींना देतात. त्यातून नवं थोरलं केंद्रक घडायला लागतं आणि जुनं मोडीत काढलं जातं. एका पेशीला कसलं आलंय बालपण? पण असलंच तर ते हेच, घडण्याचे हे काही तास. नवं केंद्रक घडताना दोरे मुद्दाम तोडून त्यांचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना नव्याने टेलोमिअर बसवावं लागतं. या पेशींना ते धड जमणार नाही, असा आमचा अंदाज होता.

"जुनं मोडलं आणि नवं झालंच नाय, तर?"

"तर तशाच राहतील. मग मरतील."

आत्या स्टुलावर बसली. पदर नीट केला. मला वाटलं, आता पश्चात्ताप होणार. मी समजूतदार चेहरा करून वाट पाहू लागले.

"मी त्यातली एकबी गोळी खाल्ली नाय," ती म्हणाली.

"काय?"

"मी काय येडी हाय? म्हातारपण गोळीनं जातं व्हय? जात आसतं तर डाक्टर लोकं म्हातारे झाले आसते का?"

"मग गेलीस कशाला? विकल्यास कशाला?"

ती करंडीच्या काठाशी चाळा करत राहिली. "फुलबाजारात मला मावशी म्हणत्यात, आज्जी म्हणत्यात, भांडण झालं की काय काय म्हणत्यात. मॅडम कुणी म्हटलं नव्हतं. तिथं एवढी मोठी माणसं उभी राहिली. माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. तुझ्यासाठीबी वाजवल्या ना? तुला नाय बरं वाटलं?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण संगीत सुरू होऊन लोक उभे राहिले होते, तेव्हा रागाच्या खाली मला अगदी थोडंसं, किळसवाणं, बरं वाटलं होतं. मी तोंड मिटलं. आत्याला तेवढं पुरलं.

तिने तिथेच फोन काढला आणि लीडरला लावला. स्पीकर लावायची गरज नव्हती. "पोरीचा फोटो काढा. आजच्या आज. नाय तर फुलबाजारातल्या समद्या बायका घेऊन येती हॉलमधी, आणि तुमच्याच माइकवर बोलती."

पोस्टर संध्याकाळपर्यंत उतरलं. ज्यांच्या ज्यांच्या गळ्यात तिने डबे मारले होते, त्यांच्याकडून तिने ते परत गोळा केले. कुणाला काय समजावलं आणि कुणावर ओरडली हे मला माहीत नाही. ती सगळी पिशवी तिने पुढच्या रविवारी लीडरच्या टेबलावर पालथी केली. जेवून मात्र आली. काही महिन्यांनी ती कंपनी नाशिकमधून दिसेनाशी झाली. लीडर आता चुंबकाचं पाणी विकतो असं ऐकलंय. कोट आत्याकडेच राहिला. थंडीत पहाटे बाजारात घालून बसते. लांबून पोस्टाच्या पेटीसारखी दिसते.

जोड्यांचा प्रयोग आम्हाला वाटलं तसाच झाला. बहुतेक जोड्यांत जुनं केंद्रक आक्रसून गेलं आणि नवं अर्धवट घडून थांबलं. मी ते मोजलं, फोटो काढले, धडधाकट पेशींशी ताडून पाहिलं. कामाचे दिवस बरेच गेले आणि सांगण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

सांगण्यासारखं झालं ते पुढे, प्रबंध लिहायला बसले तेव्हा. बिघडलेल्या पेशींच्या जुन्या नळ्या मी टाकून द्यायला काढल्या. सगळ्यांत मेलेल्यांचा गाळ होता. एकीत मात्र काहीतरी पळत होतं. पेरूच्या आकाराचं, चपळ, दुभंगणारं. एक दोन नव्हे, गर्दी.

मॅडमना दाखवलं. त्या गंभीर झाल्या. "भेसळ. तू एकच पिपेट दोन्हीकडे वापरलीस."

"नाही मॅडम."

"सगळे हेच म्हणतात."

भेसळ असती तर माझ्या सगळ्या निकालांवर पाणी पडलं असतं. मी पुन्हा कामाला लागले. त्या पेशींतला डीएनए काढून दुसऱ्या शहरात तपासायला पाठवला. ते दिवस मी कसे काढले ते आईला विचारा. मी एकदा मेथीऐवजी गाजरगवत निवडून ठेवलं होतं.

अहवाल आला. भेसळ नव्हती. त्या आमच्याच पेशी होत्या, त्या घातलेल्या जनुकाच्या खुणा थोड्याशा अजून अंगावर असलेल्या. थोरल्या केंद्रकात एकेका जनुकाच्या बऱ्याच प्रती असतात आणि दुभंगताना त्यांची वाटणी काटेकोर होत नाही. भावकीत भांडी वाटली जातात तशी, ज्याच्या हाताला जे लागेल ते. बहुतेकांना बिघडलेल्या प्रती मिळाल्या आणि त्या मेल्या. एखाद दुसरीला चुकून जवळजवळ सगळ्या चांगल्या प्रती मिळाल्या असणार. तिने आपली टोकं नीट बांधून घेतली आणि निमूट दुभंगायला लागली. तिची ही प्रजा.

मॅडमनी अहवाल वाचला, पुन्हा वाचला. "प्रबंधात एक प्रकरण वाढलं," त्या म्हणाल्या. "सहा महिने लांबणार तू." मग दार लावून घेतलं, आणि दाराआड त्या हसत असल्याचं मी ऐकलं.

सहा महिन्यांचे दहा झाले. तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली. मी आता पिंपळगावजवळच्या एका कॉलेजात शिकवते. तिथे सूक्ष्मदर्शक आहेत, पण कपाटाची किल्ली क्रीडाशिक्षकांकडे असते. आत्याने माझ्यासाठी स्थळ बघणं सोडलेलं नाही. मीही सोडलेलं नाही, म्हणजे टाळणं.

माझ्या त्या नळ्या मॅडमनी एका नव्या विद्यार्थिनीच्या हवाली केल्या आहेत. परवा भर वर्गात तिचा फोन आला. ती रडवेली झाली होती. "ताई, मांडणीवरून दोन नळ्या पडल्या. एक फुटली, एक राहिली. लेबल ओलं होऊन गेलंय. राहिलेली जगलेल्यांची आहे की नव्याने क्षार टाकलेल्यांची, तेच कळत नाहीये. मॅडम आत्ता येतील."

"रडू नकोस. क्षार कधी टाकला होतास?"

"बरेच दिवस झाले."

"मग सोपं आहे, त्या एव्हाना फुगल्या असतील. एक थेंब घे आणि काचेखाली बघ. मी थांबते."

समोर मुलं गोंगाट करत होती. फोनमधून स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग काचपट्टी ठेवल्याचा.

"ताई, पळतायत. बारीक आहेत. एक तर आत्ता, माझ्यासमोर दुभंगतेय. तुटली! दोन झाल्या!"

"मग त्या जगलेल्यांच्या पोरी आहेत. नवं लेबल लाव."

"हो ताई."

"आणि मॅडम यायच्या आत फरशी पूस."